गॅस संपला

गाडीतला एसी गार करेनासा झाला की मेकॅनिक बॉनेट उघडतो, इकडंतिकडं बघतो आणि म्हणतो, "गॅस संपलाय." हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल आणि मान हलवून गॅस भरूनही घेतला असेल. मी चाळीस वर्षं फ्रिज आणि एसी दुरुस्त केले. तेवढ्या अधिकारानं सांगतो, गॅस संपत नसतो. पेट्रोल संपतं, कारण ते जळतं. एसीतला गॅस बंद नळ्यांमधून गोल गोल फिरत राहतो. तो जळत नाही, झिजत नाही. कमी झालाच तर कुठंतरी गळत असतो. ती गळती शोधायची आणि बुजवायची, हे आमचं काम. "संपला" म्हणणारा माणूस एक तर अडाणी असतो, नाही तर लबाड. मी अडाणी नव्हतो.

मुंबईची नोकरी सोडून मी नगरला आलो आणि माळीवाड्याजवळ एक गाळा घेतला, ती सत्तरच्या आसपासची गोष्ट. बर्फाचे कारखाने, दवाखान्यांतले फ्रिज, लग्नाच्या हंगामात आइस्क्रीमवाल्यांची पिपं, असं सगळं काम होतं. एसीच्या गाड्या जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांना कुणी एसी म्हणत नसे, 'थंड गाडी' म्हणत. अँबॅसिडर घ्यायची, मुंबईहून यंत्र मागवायचं, आणि ते डॅशबोर्डखाली बसवायला मला बोलवायचं. नगर ते कोपरगाव या पट्ट्यात हे काम करणारा मी एकटाच होतो, आणि ते मला फार चढलंही होतं.

यंत्र तसं सोपं. इंजिनच्या पट्ट्यावर कॉम्प्रेसर फिरतो आणि गॅस दाबतो. दाबला की गॅस तापतो. तो गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढं बसवलेल्या जाळीत येतो, तिथं वारा लागून निवतो आणि त्याचं पाणी होतं. ते पाणी एका बारीक भोकातून डॅशबोर्डखालच्या डब्यात सोडलं की त्याची पुन्हा वाफ होते, आणि वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. इंजेक्शनआधी डॉक्टर दंडाला स्पिरिट लावतात तेव्हा गार लागतं ना, तसंच. वाटेत एका डबीवर चार आण्याच्या नाण्याएवढी काच असते. यंत्र चालू असताना तिच्यात बुडबुडे दिसले तर गॅस कमी. काच नितळ दिसली तर गॅस पुरेसा. बाकी गेज वगैरे लावून खात्री करायची, पण निम्मं निदान त्या काचेतच होतं.

आणि उरलेलं निम्मं गाडीच्या बाहेर असतं. एकदा राहात्याला एका डॉक्टरांच्या लशींच्या फ्रिजसाठी गेलो होतो. तिथं मुंबईचे एक शेटजी मला शोधत आले. नवी गाडी शिर्डीला पूजेला आणली होती, येताना थंडगार होती आणि आता भट्टी झाली होती. मी पुढं जाऊन बघितलं तर गाडीच्या तोंडावर झेंडूचा हा एवढा मनगटाएवढा हार, त्यावर आणखी दोन हार, आणि जाळीत पाकळ्यांचा थर. वारा शिरायला जागा नाही, गॅस निवणार कुठून? मी हार उतरवले, पाकळ्या झटकल्या, गाडी गार झाली. शेटजींचं समाधान झालं नाही. "तुम्ही तर काहीच केलं नाही," असं म्हणून ते गेले. यंत्राला हात लावण्याआधी माणसांनी यंत्राभोवती काय करून ठेवलंय ते बघायचं, हे मी तेव्हापासून शिकलो. शिकलो, असं मला वाटत होतं.

आता मूळ गोष्ट. जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या एका साखर कारखान्याचे चेअरमन होते. नाव सांगत नाही, सगळे त्यांना साहेब म्हणत, मीही साहेबच म्हणेन. त्यांच्या अँबॅसिडरमध्ये यंत्र मीच बसवलं, बहात्तरच्या पावसाळ्यात. पावसाळा म्हणायचा एवढंच, पाऊस पडलाच नाही. मला त्या कामाचा फार अभिमान होता. कारखान्याच्या गेस्ट हाउसला आणि ऑफिसला यंत्रं बसवायची होती, ती मलाच मिळणार अशी बोलणी चालली होती.

गाडीवर गहिनीनाथ ड्रायव्हर होता. मिरजगावकडचा. बाप ऊसतोडीला कारखान्यावर यायचा, हा पोरवयात तिथल्या ट्रॅक्टरवर चढला आणि पुढं साहेबांच्या गाडीवर आला. अंगानं बारीक, बोलायला कमी, हात मात्र देवाचे. त्या खडबडीत रस्त्यांवर तो गाडी अशी चालवायचा की मागं बसलेल्याची डुलकी मोडत नसे. मी यंत्र बसवत होतो तेव्हा चार दिवस माझ्याजवळ उकिडवा बसून तो प्रत्येक नळीचं नाव विचारत होता. "समजून घिऊ द्या मिस्त्री, मला गाडी संबाळायची हाय," म्हणायचा. मीही सांगायचो. त्या जिल्ह्यात माझी विद्या समजून घ्यावीशी वाटलेला तो एकटाच माणूस.

त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये पहिली तक्रार आली, गाडी गार करत नाही. गहिनीनाथ गाडी घेऊन दुकानावर आला. काचेत बघितलं, बुडबुडेच बुडबुडे. साबणाचा फेस लावून बघितलं तर कॉम्प्रेसरजवळच्या जोडावर फेस फुगला. नट ढिला झाला होता. नळीला आधाराची पट्टी लावायला मी विसरलो होतो, म्हणून गाडीच्या हादऱ्यानं तो ढिलावला. चूक माझी. मी पट्टी लावली, नट आवळला, गॅस भरला आणि कारखान्यात द्यायच्या पावतीवर लिहिलं, 'गॅस संपला होता. भरला.'

'गळती' लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, गळती का? बसवलं कुणी? 'संपला' म्हटलं की कुणी काही विचारत नाही. ते तीन शब्द लिहायला मला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

एप्रिलमध्ये गाडी पुन्हा आली. पुन्हा तीच तक्रार. या वेळी काच नितळ होती, गेजवर दाब बरोबर होते, डब्यासमोर धरलेला थर्मामीटर बघता बघता खाली आला. मी गहिनीनाथला म्हटलं, "अरे, बर्फासारखा गार वारा येतोय."

"माजे पाय गारठत्यात मिस्त्री," तो म्हणाला. "पन साहेब म्हनत्यात गार न्हाई."

मी नुसतीच जाळी पुसली आणि गाडी परत पाठवली. आठ दिवसांत तिसऱ्यांदा तक्रार आली. या खेपेला गहिनीनाथ गाडीतून उतरला तो उतरलेल्या चेहऱ्यानंच. साहेबांच्या पीएनं त्याला बोलावून विचारलं होतं, पावतीवर गॅस संपला असं लिहिलंय, एवढ्यात कसा संपला? कुठं जातो?

ते ऐकून मी हसलो होतो, हे मला कबूल केलं पाहिजे. ड्रायव्हर लोक पेट्रोल काढून विकतात, ही गोष्ट तेव्हा सर्वमान्य होती. पेट्रोल संपलं की मालक ड्रायव्हरकडं बघणार. गॅस 'संपला' की बघणार कुणाकडं? पीएनं पेट्रोलचाच हिशोब गॅसला लावला होता. एवढ्या शिकलेल्या माणसानं!

"हसू नका," गहिनीनाथ म्हणाला. "ही नोकरी हाय म्हनून माजी चूल चालती. भाऊ आन भावजय दोगं दुष्काळी कामावर खडी फोडत्यात. माजी बायको न्हाई गेली अजून. मिस्त्री, तुमी एकदा साहेबाला सांगा, ग्यास इकता येत न्हाई म्हनून. तुमचं ऐकतील."

मी सांगतो म्हणालो. पाठीवर हात ठेवून सांगितलं, "तू काळजी करू नकोस."

मेच्या पहिल्या आठवड्यात साहेबांचा निरोप आला, दौऱ्यावर बरोबर चला, स्वतः बसून बघा. साहेब तेव्हा दुष्काळी कामांच्या पाहणीसाठी जिल्ह्याच्या पूर्वेला फिरत होते. मी पुढं गहिनीनाथशेजारी बसलो, साहेब मागं डाव्या बाजूला, त्यांच्याशेजारी पीए. सकाळी निघताना गाडी छान गार होती. साहेबही खूष होते. नगर सोडलं, आणि रस्त्याकडेला पाझर तलावाचं पहिलं काम दिसायला लागलं. उन्हात शेकडो माणसं माती वाहत होती.

आणि मागं हँडल फिरवल्याचा आवाज आला.

मी मान वळवून बघितलं. साहेबांनी काच खाली घेतली होती. पूर्ण नाही, हात बाहेर काढण्यापुरती, बाहेरून चेहरा दिसण्यापुरती. ते हात हलवत होते, नमस्कार करत होते. कामावर उतरले, फिरले, मजुरांना खायला वाटायच्या सुकडीच्या पिशव्या बघितल्या, एका म्हातारीची विचारपूस केली, परत येऊन बसले. गाडी निघाली. काच थोडी वर आली आणि चार बोटं उघडी राहिली. तशीच राहिली. पुढच्या कामापर्यंत तशीच, त्याच्या पुढच्या कामापर्यंतही तशीच.

का, हे कळायला मला फार वेळ लागला नाही. मे महिन्यात, दुष्काळात, चारी काचा वर करून चाललेली गाडी म्हणजे थंड गाडी. लोक टँकरच्या मागं कळश्या घेऊन पळत होते आणि साहेब हवा गार करून फिरत होते, हे लोकांना कळून चालणार नव्हतं. काच उघडी दिसली पाहिजे. हवाही गार पाहिजे. त्या चार बोटांतून बाहेरची सगळी आग आणि मातीचा फुफाटा आत येत होता. माझे गुडघे गारठले होते आणि मागं साहेबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"काय मिस्त्री?" साहेब म्हणाले. "कुठं गार करतंय तुमचं यंत्र?"

मी वाकून थर्मामीटर बघितला. बॉनेट न उघडताच मला कळत होतं की आतली चार आण्याएवढी काच नितळ आहे. मी म्हणालो, "मुक्कामाला गेल्यावर नीट बघतो साहेब." गहिनीनाथ समोर बघत गाडी चालवत होता. एकदा त्यानं आरशात बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि परत रस्त्याकडं.

दुपारी एका सरकारी बंगल्यावर जेवणाला थांबलो. मी सावलीत गाडी लावून घेतली, चारी काचा बंद करून यंत्र चालवलं. दहा मिनिटांत आत दात वाजायला लागले. उत्तर माझ्या हातात होतं, अगदी साधं. साहेब, काच लावून घ्या. पाच शब्द सुद्धा नाहीत.

बैठकीच्या खोलीत साहेब, पीए, दोन डायरेक्टर आणि तालुक्याची काही मंडळी बसली होती. दाराशी गहिनीनाथ टोपी हातात घेऊन उभा होता. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हं, काय निघालं?"

मला त्या खोलीत दोन वाक्यं दिसत होती. एक बोललं की साहेबांची काच सगळ्यांसमोर उघडी पडणार होती. दुष्काळात थंड गाडी, आणि वर ढोंग. तालुक्याची मंडळी ते बाहेर नेणार होती. गेस्ट हाउसची यंत्रं, ऑफिसची यंत्रं, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं की मी घाबरलो. तेही खरं नाही. मी हिशोब केला.

"गॅस कमी वाटतोय साहेब," मी म्हणालो.

"परत?"

"हो."

"मार्चमध्ये तर भरला होता. जातो कुठं?"

मी हातातला थर्मामीटर खिशात घातला. पीए मात्र बोलले, "पेट्रोल पुरत नव्हतं, आता गॅसही पुरेना." दोन-तीन जण हसले. सगळ्यांनी दाराकडं बघितलं.

"साहेब," गहिनीनाथ म्हणाला, "ग्यास मी डोळ्यानं कदी बघितला न्हाई. नळीत आस्तो एवडंच मिस्त्रींनी सांगितलं. इकला म्हनता, तर कशात भरून इकला? घागरीत?" मग तो माझ्याकडं वळला. "मिस्त्री, सांगा की."

मी म्हणालो, "नक्की काही सांगता येत नाही."

हे माझं त्या दिवशीचं शेवटचं वाक्य. पीएनं तिथंच किल्ली मागून घेतली. गहिनीनाथनं कमरेची किल्ली सोडली, आधी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, मग उचलून पीएंच्या हातात दिली. साहेब तोवर जेवायला उठले होते. परतीची गाडी पीएनं बोलावलेल्या दुसऱ्या ड्रायव्हरनं चालवली, आणि मिरजगावच्या फाट्याकडं गहिनीनाथ चालत गेला. काच चार बोटं उघडीच होती.

नवा ड्रायव्हर आला तरी गाडी गार होईना, कशी होणार? मग मी दर पंधरा दिवसांनी जायचो, बॉनेट उघडायचो, नळीतून थोडा गॅस सोडायचो. फुस्स असा आवाज यायचा. तो साहेबांच्या कानावर गेला की म्हणायचो, भरला. जूनमध्ये पाऊस आला, हवा आपोआप गार झाली आणि लोकांची नजरही गाडीवरून हटली. काचा वर गेल्या. साहेब मला म्हणाले, "बघा, माणूस बदलला की यंत्र कसं नीट चालतं!" गेस्ट हाउसचं काम मला मिळालं. ऑफिसचंही.

साहेबांना कळत होतं का, हे मी कधी ठरवू शकलो नाही. कदाचित त्यांना खरंच वाटत असेल की चार बोटांनी काय फरक पडतो. त्यांना दोष देऊन मला सुटता येत नाही. पावती माझ्या अक्षरात होती.

पुढं मी मोठा झालो. पुण्यात शाखा काढली, शिष्य तयार केले. प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगायचो, पावतीवर 'गॅस संपला' लिहाल तर दुसऱ्या दिवशी येऊ नका. पोरांना वाटायचं, मास्तर किती काटेकोर.

मिरजगावला जायला मला तीस-बत्तीस वर्षं लागली. तेही मुद्दाम गेलो नाही. सोलापूरला भाचीच्या लग्नाला पुतण्याच्या गाडीतून चाललो होतो, पाटी दिसली आणि मी त्याला थांबायला सांगितलं. स्टँडजवळच्या पानटपरीवर चौकशी केली. "गहिनीनाथ म्हणून एक होते. साखर कारखान्यात साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर."

टपरीवाला तिशीचा होता. त्याला आठवेना. मग शेजारचा एक जण म्हणाला, "आरं, गॅस्या, गॅस्या!"

"व्हय, गॅस्या व्हय! मंग तसं इचारा की."

"गॅस्या का म्हणतात?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला उत्तर कळलं.

"कारखान्यातला गॅस इकायचा म्हनं. टाक्याच्या टाक्या. आमच्या जल्माच्या आदीची गोष्ट हाय. त्याच्या पोरालाबी गॅस्याचंच म्हनत्यात."

तेव्हा या गावात स्वयंपाकाच्या गॅसची टाकी कुणी डोळ्यांनी बघितली नसेल. गोष्ट काळाबरोबर बदलत गेली होती. चोरी तेवढी जागच्या जागी राहिली.

घर गावाबाहेर होतं. गहिनीनाथ ओट्यावर बसून फवारणीचा पंप खोलून दुरुस्त करत होता. केस पांढरे झालेले, हात तेच. त्यानं डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि म्हणाला, "मिस्त्री व्हय? या, बसा."

त्या साली तो खडी फोडायला गेला होता, बायकोही गेली होती. नंतर दोन-तीन ठिकाणी गाडीवर राहायला बघितलं, पण कारखान्यातून काढलेल्या माणसाच्या हातात कुणी किल्ली दिली नाही. मग ऊसतोड. बापाचीच वाट. हे सगळं त्यानं पंपाचा वायसर घासत घासत, कुणा दुसऱ्याचं सांगावं तसं सांगितलं.

"मी त्या दिवशी खोटं बोललो," मी म्हणालो. "गॅस कमी नव्हता. काच उघडी होती. तुम्हाला ठाऊक नसेल, पण..." तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मी आयुष्यात पहिल्यांदाच त्याला 'तुम्ही' म्हणत होतो.

"ठावं न्हाई कसं?" तो म्हणाला. "आरशात मला दिसतच हुती की काच. रोज दिसायची."

"मग बोलला का नाहीत?"

"डायवरनं साहेबाला म्हनावं, काच लावा? आन म्हनलं आस्तं तरी माजं कोन ऐकतंय." त्यानं वायसर उजेडात धरून बघितला. "मला वाटलं, मिस्त्री बोलतील. सारं समजून दिल्यालं तुमी मला. दाराशी हुबा हुतो, तवा साहेबाकडं न्हाई बघितलं म्या. तुमच्या तोंडाकडं बघत हुतो."

त्याच्या बायकोनं चहा आणला. मी डायरीचं पान फाडलं आणि म्हणालो, लिहून देतो, सहीनिशी देतो, गॅस कधीच कमी नव्हता, दोष माझा होता.

"आता कुनाला दावू?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "ऱ्हाऊ द्या. च्या घ्या, गार हुतोय."

तरी मी लिहिलं. त्यानं कागद हातात घेतला, अक्षरावरून बोट फिरवलं आणि घडी करून माझ्याच वरच्या खिशात ठेवला.

परत स्टँडपाशी आलो. पुतण्यानं इंजिन चालू ठेवून एसी लावला होता. टपरीवाल्यानं लांबूनच ओरडून विचारलं, "काय पाव्हनं, भेटला का गॅस्या?"

टपरीवर पाच-सहा माणसं होती. कागद माझ्या खिशात होता.

"भेटला," मी म्हणालो, आणि गाडीत बसून काच वर घेतली.